स्टिकरवर अडीच वाजले होते

ताईच्या घरातला फ्रीज उघडला की आधी दिसायचे ते स्टिकर. सात वारांचे सात रंग. डब्यात काय आहे, गॅसवरून कधी उतरलं, आत कधी गेलं, कधी फेकायचं, हे सगळं बारीक, सुबक अक्षरात लिहिलेलं आणि खाली सही. घरातल्या उरल्यासुरल्या अन्नावर सही करणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. ताई करायची, आणि त्यात आपण काही जगावेगळं करतो आहोत असं तिला जराही वाटायचं नाही.

तिचं कामच तसं होतं. विमानांत जाणाऱ्या जेवणाचे ट्रे जिथे भरले जातात, त्या भल्यामोठ्या स्वयंपाकघरात ती बावीस वर्षं शीतखोल्या सांभाळत होती. तिथला नियम साधा होता: जो स्टिकर चिकटवतो तो सही करतो, आणि चूक निघाली तर ज्याची सही त्याची मान. एकदा सही झाली की पुढचा कोणी डबा उघडून हुंगत बसत नाही, वेळ वाचतो आणि ट्रे सरळ गाडीत चढतो. आचारी तिला पाठीमागे थर्मामीटर म्हणायचे. हे तिच्या कानावर आलं होतं, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडलंही होतं.

हे स्टिकर घरी आले ते चौदा महिन्यांपूर्वी, धाकट्याच्या ऑपरेशननंतर. धाकटा म्हणजे तिचा भाऊ, बायको-मुलीसह तो ताईबरोबर एकाच घरात राहायचा. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवायचा. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा ताईने आपली एक दिली. देताना फार बोलली नाही, दिल्यावरही कधी बोलून दाखवलं नाही. पण नवी किडनी शरीराने झिडकारू नये म्हणून त्याला जन्मभर गोळ्या घ्यायच्या होत्या, आणि त्या गोळ्यांनी अंगातली रोगाशी लढायची ताकद मुद्दाम खाली ठेवायची होती. दुसऱ्याचं शिळ्या अन्नाने एक दिवस पोट बिघडेल, तेच त्याला किडनीवर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी ताई साहेबांची रीतसर परवानगी काढून स्टिकरचं एक रीळ घरी घेऊन आली.

तेव्हापासून फ्रीज ताईचा. दार उघडायला मुभा सगळ्यांना, पण उरलेलं आत ठेवायचं ते फक्त तिने. भावजयीला हे सोपं गेलं नाही. स्वतःच्या स्वयंपाकघरात तिला परवाना काढल्यासारखं वागावं लागायचं. दोन आठवड्यांपूर्वी तिची आई राहायला आली होती, तेव्हा भावजयीने मोठ्या हौसेने भाज्यांचं सूप केलं होतं. गप्पांच्या नादात पातेलं अडीच तास ओट्यावर राहिलं. ताईने घड्याळ पाहिलं आणि ते अख्खं पातेलं पाहुणीच्या देखत मोरीत ओतलं. "दोन तास म्हणजे दोन तास," एवढंच म्हणाली. त्यानंतर दोन दिवस भावजयीने ताईशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

आता त्या रविवारचं. भाचीने पोहण्याच्या शर्यतीत दुसरा नंबर काढला होता, म्हणून दुपारी दोन मोठे पिझ्झे मागवले. एक वाजता आले, वाफ निघत होती, धाकट्यानेही दोन तुकडे खाल्ले. चार तुकडे उरले. भावजय आणि भाची बक्षीससमारंभाला निघाल्या होत्या. जाता जाता भावजय खोका उचलायला गेली, तर ताईने तिला थांबवलं. राहू दे, म्हणाली, तू तो पुठ्ठ्यासकट आत कोंबशील. पुठ्ठा ओल धरतो, वर झाकणही घट्ट बसत नाही. पिझ्झा कसा, तर उथळ डब्यात एकेरी मांडायचा, थर करायचेच तर मध्ये कागद घालायचा, घट्ट झाकण लावून मधल्या फळीवर मागे सरकवायचा, दारात कधीच ठेवायचा नाही. तीन दिवसांत संपवायचा आणि खाताना नुसता कोमट नाही, चटका बसेल इतका गरम करायचा. हे सगळं भावजयीने याआधी किमान दहा वेळा ऐकलं होतं. तिने अकराव्यांदा ऐकून घेतलं आणि मुलीचा हात धरून निघून गेली.

ताईला आदल्या दिवसापासून सलग दोन पाळ्या झाल्या होत्या. पाच मिनिटं पाठ टेकते आणि उठते, असं म्हणून ती बैठकीतल्या कोचावर आडवी झाली. डोळे उघडले तेव्हा घड्याळात सहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

खोका टेबलावर तसाच उघडा होता. ती खिडकी पश्चिमेची, तीननंतर ऊन थेट टेबलावर यायचं. चीज मऊ पडून पुन्हा आळलं होतं, मिरच्यांच्या कडा चकाकत होत्या. साडेपाच तास. कामावर असं काही दिसलं असतं तर तिने दुसऱ्यांदा बघितलंही नसतं, सरळ कचऱ्यात. इथेही तेच करायचं होतं. खोका दुमडायचा, पिशवीत घालायचा, संपलं.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली. बाहेरून भावजयीचा आणि भाचीचा हसण्याचा आवाज आला, आणि ताईच्या डोळ्यांसमोर मोरीत ओतलेलं ते सूप आलं. आता आपण कचऱ्याची पिशवी हातात धरून उभ्या आणि ती दारात. ती बोलणार काहीच नाही, नुसती घड्याळाकडे बघेल. ते बघणं ताईला सोसलं नसतं. तिने भराभर तुकडे डब्यात मांडले, झाकण दाबलं, रविवारचा लाल स्टिकर काढला. पेन हातात धरून ती क्षणभर थांबली. मग लिहिलं, दुपारी अडीच, आणि खाली सही केली. उद्या गुपचूप फेकून देऊ, कोणाला कळायचंही नाही, असं तिने मनाशी ठरवलं. बावीस वर्षांत केलेली ती पहिली खोटी सही.

सोमवारी पहाटेची पाळी होती. ती चारला निघाली, आणि डबा आत राहिला. दुपारी बाराच्या सुमारास शीतखोलीत उभी असताना तिला एकदम डबा आठवला. घरी फोन करून डबा फेका म्हणावं, तर का म्हणून विचारतील. तीन वाजता तर घरी पोचतोच आहोत, एवढ्यात कोण खातंय, असं म्हणून तिने तो विचार झटकला. सोमवारी चष्म्याचं दुकान बंद असतं, धाकटा घरीच असतो, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण माणसाला नको ते आठवत नाही.

ती घरी आली तेव्हा डबा धुऊन पालथा घातलेला होता. त्यातले दोन तुकडे धाकट्याने दुपारी खाल्ले होते, आणि उरलेले दोन भावजयीने दुसऱ्या छोट्या डब्यात काढून, ताईचा लाल स्टिकर जपून सोडवून, त्यावर पुन्हा चिकटवला होता. ताईची शिस्त तिने अशी मनापासून पाळली होती. ताईने तो छोटा डबा हातात घेतला, परत ठेवला, आणि आपल्या खोलीत गेली. होईल काहीच नाही, असं ती संध्याकाळभर स्वतःला सांगत राहिली.

मंगळवारी सकाळी धाकटा हॉस्पिटलात होता. उलट्या, जुलाब, अंगात ताप, आणि रोजच्या गोळ्या पोटात ठरेनात. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की रक्तात चढणारा आकडा, कायम एक पूर्णांक तीनच्या आसपास असायचं, ते दोन पूर्णांक आठवर गेलं होतं.

डॉक्टरीणबाई दहा वाजता आल्या. ठेंगण्या, भरभर बोलणाऱ्या, उगीच धीर न देणाऱ्या. गेल्या दोन दिवसांत काय काय खाल्लं ते त्यांनी विचारलं. भावजयीने सगळं पाढ्यासारखं सांगितलं आणि पिशवीतून तो छोटा डबा काढून पुढे केला, सोबत असावा म्हणून तिने तो आणला होता. डॉक्टरीणबाईंनी स्टिकर वाचला. एक वाजता आलेला पिझ्झा अडीचला आत, दुसऱ्या दिवशी खाल्ला. मग यात फारसं काही दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. घरात कोणीतरी फार काळजीने ठेवलंय हे.

"आमच्या ताई ठेवतात," भावजय म्हणाली. "त्यांची सही आहे त्यावर."

मग डॉक्टरीणबाईंनी पुढचं सांगितलं. पोट अन्नाने बिघडलं असेल तर किडनी नुसती पाण्यावाचून दमली आहे, सलाइन आणि प्रतिजैविकं देऊन वाट बघता येईल. पण अन्नाचं कारण नसेल, तर शरीर किडनीला झिडकारायला लागलं असण्याची शक्यता जास्त. तसं असेल तर वेळ घालवून चालणार नाही, अंगातली उरलीसुरली प्रतिकारशक्तीही खाली दाबणारी मोठी इंजेक्शनं आजच द्यावी लागतील. आणि आत जंतू असताना ती दिली तर जिवावर बेतेल. तपासणीचे सगळे रिपोर्ट यायला दोन दिवस लागणार होते. इतका वेळ हातात नाही, चार वाजता पहिलं इंजेक्शन सुरू करू, असं सांगून त्या पुढच्या खाटेकडे वळल्या.

ताई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती एक पाऊल पुढे आली. तेवढ्यात भावजय रडायला लागली. चूक माझीच, म्हणाली, मी तव्यावर गरम केला, वरून गरम लागला म्हणून उतरवला, आतून थंड राहिला असेल, ताई शंभरदा सांगतात चटका बसेल इतका गरम कर म्हणून. धाकट्याने डोळे मिटलेलेच ठेवले. ताईने भावजयीच्या पाठीवर हात ठेवला, आणि हात ठेवताना स्वतःचीच शिसारी आली तिला. आपल्या पापाचं खापर दुसरीने आपणहून डोक्यावर घेतलं होतं आणि आपण तिची समजूत घालत होतो.

ती बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन बसली. साडेदहा. अकरा. तिने नाना हिशेब मांडून पाहिले. झिडकारणंच असेल कदाचित, मग सांगून काय होणार? डॉक्टरीणबाईंना कळेलच ना रिपोर्टवरून. सांगायचंच तर तोंडी नको, एखादा कागद नर्सकडे द्यावा, नाव न घालता. एवढ्या वयाची बाई, आणि शाळेतल्या पोरीसारखे मार्ग शोधत होती. बाराला एक सफाईवाली आली, पाय वर घ्या म्हणाली. ताईने पाय वर घेतले आणि तसेच वर ठेवून बसली, फरशी वाळली तरी. साडेबाराला ती उठली आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीचं दार ढकलून आत गेली.

"त्या स्टिकरवरची वेळ खोटी आहे," ती म्हणाली. "पिझ्झा साडेसहाला आत गेला. तोवर उन्हात होता. मीच लिहिलं अडीच."

डॉक्टरीणबाई जेवत होत्या. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि फोन उचलला. चार वाजताचं इंजेक्शन थांबवायला सांगितलं, प्रतिजैविक बदललं, सलाइनचा वेग वाढवला. फोन ठेवून त्यांनी विचारलं, हे घरात आणखी कोणाला माहीत आहे? कोणालाच नाही, ताई म्हणाली. मग आधी तिथे जाऊन सांगा, नंतर रडा, असं म्हणून त्यांनी पुन्हा चमचा उचलला.

ताई वॉर्डात आली आणि उभ्याउभ्याच दोघांना सगळं सांगितलं. कोचावर लागलेला डोळा, किल्लीचा आवाज, सूप, सही. काही गाळलं नाही. भावजय तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग यायलाही जरा वेळ लागला.

धाकट्याने डोळे उघडले. "मला माहीत होतं," तो म्हणाला.

दोघी त्याच्याकडे वळल्या. तो हळूहळू, मध्ये थांबत बोलला. रविवारी पाचला तो पाणी प्यायला उठला होता. खोका टेबलावर उन्हात पडलेला आणि ताई कोचावर घोरत असलेली त्याने पाहिली होती. दोन पाळ्या करून आली आहे, झोपू दे, उठली की टाकेल, असं त्याला वाटलं. खोक्याला त्याने हात लावला नाही, ते काम ताईचं. सोमवारी बायकोने डबा पुढे केला तेव्हा त्याने स्टिकर वाचला आणि त्याला सगळं समजलं.

"मग खाल्लंस का?" ताईने विचारलं.

"नको म्हटलं असतं तर हिने का म्हणून विचारलं असतं. मग तू तोंडघशी पडली असतीस."

"आणि सकाळी डॉक्टरांसमोर? ती इंजेक्शनं देणार होत्या तुला."

त्याने मान भिंतीकडे वळवली. त्याच्या वतीने भावजय बोलली, आणि तिचा आवाज मुळीच चढला नव्हता.

"ताई, यांना तुम्हाला नाही म्हणताच येत नाही. तुम्ही म्हणाल तो शर्ट, तुम्ही म्हणाल ती वेळ. मला वाटायचं, मान ठेवतात. आज कळलं. तुमची किडनी घेतल्यापासून हा माणूस स्वतःच्या जिवाचा मालकच राहिला नाही." मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही. मी सकाळपासून इथे स्वतःला कोसत बसले होते. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात."

तिने पर्स उचलली, मुलीची शाळा सुटायची वेळ झाली म्हणाली, आणि गेली. ताई तिच्या मागे दारापर्यंत गेली आणि परत आली. संध्याकाळपर्यंत बहीणभाऊ दोघंच होते. तो झोपला, जागा झाला, नर्सने दिलेलं पाणी घोट घोट प्यायला, आणि ताई सलाइनचे थेंब मोजत बसली.

बुधवारी दुपारी क्रिएटिनिनचा आकडा आला. दोन पूर्णांक तीन. ताप उतरला होता, गोळ्या पोटात राहत होत्या. किडनी दमली होती, झिडकारली गेली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काल चारचं इंजेक्शन गेलं असतं तर आज मी तुम्हाला वेगळंच काही सांगत असते. एवढं बोलून त्या गेल्या. ताईला जीव भांड्यात पडल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तिला नुसतं थकल्यासारखं वाटलं.

ती खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली. मी आठवड्याची रजा टाकली आहे, तिने सांगितलं, रोज इथेच राहीन, तुझं जेवण घरून मीच करून आणीन, कोणाला हात लावू देणार नाही. हे सांगताना तिच्या आवाजात जुनी धार परत आली होती, आणि ती तिची तिलाच ऐकू आली.

"बरं," धाकटा म्हणाला.

ताई त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. लहानपणी ताटात नावडतं वाढलं तर तो असा बरं म्हणायचा नाही. तेव्हा तो ताट ढकलून पळून जायचा आणि तिला गल्लीभर त्याच्या मागे धावावं लागायचं. हा बरं म्हणणारा माणूस गेल्या चौदा महिन्यांतला होता, आणि तो तिने घडवला होता.

"खरं सांग," ती म्हणाली. "तुला काय हवंय?"

त्याने नजर छताकडे वळवली. दोनदा त्याचे ओठ हलले.

"नको, ताई," तो म्हणाला. "तू घरी जा. हिला पाठव. ती करेल तेच खाईन मी."

हेच ऐकायला ती बसली होती, आणि तरी ते छातीत लागलं. तिने मान हलवली, पिशवी उचलली. दाराशी पोचेपर्यंत तिचे डोळे भरून आले. ते त्याला दिसू नये म्हणून ती मागे न वळता भावजयीला फोन लावत बाहेर पडली.